सृष्टीचं केळवण

गरम पुरी सृष्टीच्या ताटात वाढून द्वारका आत वळणार, तोच सृष्टीची आई सुनीती म्हणाली, "ताई, बसा हो आता तुम्हीही. एक सांगायचं राहूनच जातंय."

द्वारका बसली. सृष्टी, तिचे आईवडील आणि ती स्वतः, अशी चार ताटं, प्रत्येकाभोवती रांगोळी. स्वयंपाकघरात हिरा पुऱ्या तळत होती. द्वारकाचं पाळणाघर सुरू झालं त्या दिवसापासून हिरा तिच्या हाताखाली होती.

"लग्न अगदी छोटं करतोय. मुळशीकडे. साठच माणसं, फक्त क्लोज लोकं."

"हो का. छान."

"मुलांचीच इच्छा," सृष्टीचे वडील अनिरुद्ध श्रीखंडाकडे बघत म्हणाले. "गैरसमज नका करून घेऊ."

"छे हो. केळवणाला क्लोज-बिज बघत नाहीत, तेवढं बरं."

टोमणा सृष्टीच्या डोक्यावरून गेला. तिने मोबाइल उंच धरला. "मावशी, इकडे बघ ना! इन्स्टावर क्लोज फ्रेंड्सना टाकते हां."

मावशीने बघितलं. हसलीसुद्धा.

लग्न ठरलेल्या मुलीला जो जेवायला घालतो तो लग्नाला असतोच, हे पुण्यात कुणी कुणाला सांगत नाही. म्हणून द्वारकाने पत्रिकेची वाटही पाहिली नव्हती. नव्या साडीला फॉल-बिडिंग करून ठेवलं होतं. कोथरूडच्या याच दोन खोल्यांत सृष्टी सात महिन्यांची आली ती चौथीपर्यंत राहिली. पहिलं पाऊल तिने याच फरशीवर टाकलं आणि द्वारकाने ते सुनीतीला कधी सांगितलं नाही. आईला वाटू दे आपल्यासमोरच टाकलं. पाळणाघराचा तसा रिवाजच होता.

विडे झाले. द्वारकाने सृष्टीची ओटी भरली, डोक्यावरून हात फिरवला, जिन्यापर्यंत पोचवायला गेली. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर ती आत आली आणि ताटं एकावर एक आदळायला लागली.

"क्लोज म्हणे!" ती स्वयंपाकघरात येऊन कडाडली. "बँकेत खातं क्लोज करतात, दुकानावर क्लोजची पाटी लावतात, तसलं क्लोज असेल यांचं! पोरीला डेंग्यू झाला तेव्हा ही बाई दिल्लीला. दवाखान्यात क्लोज रिलेटिव्ह म्हणून फोनवरून नाव कुणाचं सांगितलं? माझं! तेव्हा बरी मी जवळची होते."

हिरा कढई घासत होती. तिने मान हलवली.

"तीन रात्री बसले होते मी. आणि आता साठांत मी नाही. त्या सासरच्या लोकांचे क्लासवाले, जिमवाले असतील बघ त्यात." द्वारकाचा आवाज फाटला. अपमान गिळता येत नव्हता आणि तिला तो गिळायचाही नव्हता. "राबायला आपण, आणि चार माणसांत बसवायची वेळ आली की यांना आपण दिसतच नाही. एक हाक मारायला काय जातं गं माणसाचं? तूच सांग, हिरा."

हिराने नळ बंद केला. हात पदराला पुसले. खिडकीत लटकवलेल्या आपल्या पिशवीतून तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढली आणि ओट्यावर ठेवली. कागद एका बाजूने फाटला होता. आत डझनभर हिरव्या बांगड्या होत्या.

"सृष्टीला आणल्या व्हत्या," ती म्हणाली. "ओटी भरताना तुम्ही हाक माराल म्हनून गॅस बारीक करून दाराशी उभी व्हते. मग गेली ती."

द्वारकाने पुडीला हात लावला आणि काढून घेतला.

"जेवलीस का तू?" तिने विचारलं.

"घरी जाऊन जेवीन," हिरा म्हणाली आणि तिने पुन्हा नळ सोडला.