रेमीला कुठल्या शाळेत घालायचं

माझ्या नातीला, रेमीला, कुठल्या शाळेत घालायचं हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. लिक क्रीकच्या. आमच्या घराखाली ओढ्याकाठी ती शाळा, दोनच वर्ग, आणि स्वयंपाकघरात माझी नणंद. पण माझ्या लेकीने फोनवरून टुमणं लावलं, गावातल्या मोठ्या शाळेतल्या मुलांचे गुण जास्त, तिथे नर्स आहे, तिथे अमुक आहे. लेक स्वतः ओहायोत, पोर माझ्या पदरात, आणि अक्कल फोनवरून. म्हटलं, गुण तुझे तुला लखलाभ. मी चौथीत शाळा सोडली, पण डोळे धड आहेत माझे. दोन्ही शाळा बघेन आणि मग सांगेन.

लिक क्रीकची मंगळवारी पाहिली. दार सताड उघडं. बाईंनी खिडकीतूनच हात केला, "व्हर्लीन, ये आत, कॉफी ताजी आहे." हरणांच्या शिकारीचे दिवस. आवारात दोन ट्रक उभे, दोन्हींच्या मागच्या काचेला बंदुका टांगलेल्या. कुणी मान वर करून बघितलं नाही. शाळा म्हणजे अशी असावी, असं मी परतताना रेमीला सांगितलंसुद्धा.

बुधवारी माझा धाकटा भाऊ हर्शेल आम्हाला त्याच्या ट्रकमधून मोठ्या शाळेत घेऊन गेला; त्याच्याही मागच्या काचेला बंदूक टांगलेली. कोळशाच्या खाणीतल्या सुरुंगांनी त्याचा डावा कान गेलाय. हाक मारली की तो सगळं अंग गर्रकन वळवतो आणि उजवा कान पुढे करतो. नवखा माणूस दचकतो.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"मला लागेल तेवढा. तू ट्रकमध्येच बस. कुणाशी बोलू नकोस, अब्रू जाते."

"ती तुला घेऊन आलो तेव्हाच गेली."

तिथे दाराला कुलूप. घंटी वाजवा, कॅमेऱ्यात तोंड दाखवा, ओळखपत्र द्या, मग छातीवर नावाची चिठ्ठी. मी म्हटलं, "मी काय बाजारात आणलेली गाय आहे?" टेबलामागची बाई हसली नाही. मी मनात एक फुली मारली.

वर्ग मात्र उजेडाचा. ट्रेंटबाई म्हणून एक पोरसवदा शिक्षिका होती. ती रेमीला पुस्तकं दाखवत होती, तेवढ्यात भिंतीवरचा कर्णा बोलला. दारं लावा, दिवे घालवा, नजरेआड व्हा. तेच दोनदा.

कुणी ओरडलं नाही. याचीच मला पहिली भीती वाटली. ती एवढीएवढीशी पोरं उठली आणि दारापासून लांबच्या कोपऱ्यात, खिडकीखाली जाऊन चिकटून बसली. बाईंनी कुलूप फिरवलं, दाराच्या काचेवर काळा कागद ओढला, पडदे पाडले. मग कपाटातून शेंगांचे पत्र्याचे बंद डबे काढून प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. माझ्याही.

"हे कशाला?" मी कुजबुजले.

"कुणी आत आलं तर फेकून मारायला."

"सराव आहे ना हा?"

"सराव असला की आम्हाला आधी सांगतात." तिचे ओठ पांढरे पडले होते.

माझ्या शेजारी पुढचे दात पडलेली एक मुलगी होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "तोंडाने श्वास नका घेऊ. आवाज येतो." रेमीने ते ऐकलं आणि तोंड मिटलं. मी तिला मांडीवर ओढून घेतलं.

मग बाहेरून आवाज आला. माणूस दरडावत होता. "बंदूक टाक. मागे वळू नकोस." पुन्हा तेच, आणखी मोठ्याने. आणि त्यावर दुसरा आवाज, "काय?"

तो हर्शेल होता. हर्शेलच असणार. दरडावणारा जर त्याच्या डाव्या अंगाला उभा असेल, तर हा वळणार. हातातल्या बंदुकीसकट वळणार.

"बाई," मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे. बहिरा आहे. मला खिडकीतून एक हाक मारू द्या, माझी हाक त्याला कळते."

"तुम्ही पाहिलंत त्याला?"

"नाही. आवाज ओळखला."

"नक्की?"

मी होय म्हणायला तोंड उघडलं. पण त्या एका शब्दावर मी कसं नक्की म्हणू? आणि तो हर्शेल नसला तर? मी ओरडले की बाहेरच्याला कळणार, या खिडकीमागे माणसं आहेत. पोरं माझ्याकडे बघत होती, डबे छातीशी धरून. जन्मात कुणी माझं तोंड बंद केलं नव्हतं. तिथे ते मी स्वतः बंद केलं. रेमीच्या केसांत तोंड खुपसलं आणि बंदुकीच्या आवाजाची वाट बघत बसले.

बाहेर तो माणूस तिसऱ्यांदा ओरडला, आणि काहीतरी जड आपटलं. मग काहीच नाही. ते काहीच नाही इतका वेळ चाललं, की मनात मी त्याला पुरूनही आले.

शेवटी बाहेरून किल्लीने दार उघडलं. शेरीफचे पोलीस होते. हर्शेल अंगणात चिखलात पालथा, हात मागे बांधलेले, जिवंत. झालं होतं असं, की ट्रकमध्ये बसल्या बसल्या त्याने फाटकावरची पाटी वाचली, आवारात बंदूक आणायला मनाई. शहाणा, कायदा पाळायला म्हणून काचेवरची बंदूक मागच्या पेटीत कुलपात ठेवायला उतरला, आणि टेबलामागच्या बाईला ते कॅमेऱ्यात दिसलं. दरडावणारा नशिबाने उजव्या बाजूला होता. तिसऱ्यांदा त्याला ऐकू गेलं, तशी त्याने बंदूक टाकली.

संध्याकाळी सोडला त्याला. खटला व्हायचाय. ट्रकमधून आम्ही घरी निघालो.

"माझा आवाज आला होता तुला आत?" त्याने विचारलं.

"आला होता."

"मग हाक का नाही मारलीस?"

"पोरं होती."

त्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं.

मध्ये बसलेली रेमी म्हणाली, "मॅमॉ, लिक क्रीकच्या शाळेत आपण कुठे लपायचं?"

मी आठवून बघितलं. दोन वर्ग, सताड दार, आणि खिडकीतून हात करणाऱ्या बाई. हर्शेल तिथे बंदूक घेऊन उतरला असता तर त्याला कॉफी मिळाली असती. आणि हर्शेलच्या जागी दुसरा कुणी उतरला असता, तरी त्या बाईंनी आधी हातच केला असता.

"सांग ना," रेमी म्हणाली.

"तू त्या शाळेत जाणार नाहीस," मी म्हटलं. आणि मोठ्या शाळेत सोमवारपासून हिला रोज सोडायचं, या विचाराने घर येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.