साबण ठेवलेला वाडगा

मित्रांनो, मी एक जुना वाडगा आहे, आणि सध्या भयंकर चिडलेलो आहे. गोडगोड आत्मकथा ऐकायची असेल, तर एखाद्या फुलदाणीकडे जा.

माझा जन्म इंग्लंडमध्ये, डर्बीशरमधल्या एका भट्टीत झाला. बाहेरून गव्हाळ रंग, आतून पांढरी झिलई आणि पोटावर उठावाची नक्षी. ती नक्षी शोभेसाठी नव्हती. पीठ कालवताना ओला हात निसटू नये म्हणून होती. हॅलिफॅक्सच्या एका गृहिणीने मला घेतले आणि तिच्यामागे मी तिच्या मुलीकडे, बेरिलकडे आलो.

एरवी मी केकच्या कामाचा, पण माझा मानाचा दिवस म्हणजे नोव्हेंबरअखेरचा रविवार. त्या दिवशी नाताळाच्या पुडिंगचे मिश्रण माझ्यात पडायचे. मनुका, चरबी, पावाचा चुरा, काळी बिअर. घरातल्या प्रत्येकाने लाकडी चमच्याने ते एकदा ढवळायचे आणि मनात एक इच्छा धरायची. बेरिलचा नवरा अर्नेस्ट इतका वेळ ढवळत बसायचा, की पोरे ओरडायची, "बाबा, एकच इच्छा!"

मग दुकानांना घाई सुटली. लोक उन्हाळी सुट्टीत समुद्रावरून उन्हाने भाजून परत येतात न येतात, तोच सप्टेंबरात नाताळाचा माल मांडलेला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! लोकही तसलेच. मागाहून मिळायचा नाही म्हणून चॉकलेटचा डबा सप्टेंबरात आणतात, ऑक्टोबरात फस्त करतात आणि नाताळासाठी पुन्हा दुसरा आणतात. नाताळ उलटला, की दुसऱ्याच दिवशी वसंतातल्या ईस्टरची चॉकलेटची अंडी हजर. बेरिलची मुलगी लॉरेन या सगळ्यात सर्वांच्या पुढे. पुडिंगही ती विकतचे आणू लागली आणि मी कपाटाच्या तळाशी गेलो.

अर्नेस्ट वारला, बेरिलला जिने झेपेनात, आणि गेल्या वर्षी घर विकून छोट्या फ्लॅटमध्ये जायचे ठरले. या घरातल्या शेवटच्या नाताळासाठी सगळ्यांनी एकदा ढवळावे, एवढेच तिच्या मनात होते. तिने सर्वांना बोलावले, मनुका बिअरमध्ये भिजत घातल्या, मला धुऊन टेबलावर ठेवले. किती वर्षांनी उजेड पाहिला मी!

लॉरेन सर्वांच्या आधी आली. हातात मोठा खोका.

"आई, डोळे मीट बघू!"

खोक्यातून माझा जुळा भाऊ निघाला. तोच रंग, तीच नक्षी, आणि जुना दिसावा म्हणून मुद्दाम रंगवलेल्या भेगा.

"सेलमध्ये मिळाला. तुझं ते टवके उडालेलं ध्यान आता टाकून दे."

"अगं बाई, किती सुरेख! कशाला गं एवढं?" बेरिल म्हणाली. तिला तो मुळीच आवडला नव्हता. पण आमच्याकडे भेटवस्तू नको म्हणणे म्हणजे घोर पाप. ती तो धुवायला गेली, उलटा केला, तर बुडावर चिठ्ठी: केवळ शोभेसाठी, यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत.

"लॉरेन, आजच्या दिवस आपला जुनाच राहू दे का गं?" तिने हळूच विचारले.

"आई, उगाच कशाला हात दुखवून घेतेस? पुडिंग मी सप्टेंबरातच घेऊन ठेवलंय, एकावर एक फुकट. आणि त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये हे सगळं मावणार आहे का?"

अगं, आता तरी बोल, मी मनात ओरडलो.

"हो, तुझंच बरोबर आहे," असे म्हणून बेरिल चहा ठेवायला वळली.

मनुका कचऱ्यात गेल्या. मी गेलो धर्मादाय दुकानात, दान आलेले जुनेपाने विकतात तिथे. माझ्यात कापसाचा बर्फ भरून मला दुकानाच्या दर्शनी काचेत बसवले. आठवड्याने बेरिल आली. माझ्याचसाठी आली होती. दारातूनच तिची नजर माझ्यावर खिळली. ती माझ्यापर्यंत पोहोचते, तोच दुसऱ्या एका बाईने मला उचलले.

"अय्या, किती गोड! बाथरूममध्ये साबण ठेवायला छान होईल. तुम्ही घेत होतात का हो?"

"छे छे! मी आपली नुसती बघत होते. घ्या ना तुम्ही."

वर तिने त्या बाईसाठी दार उघडून धरले. बाईचा पाय बेरिलच्या पायावर पडला, तेव्हा "सॉरी" बेरिलच म्हणाली! भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही.

आता माझ्यात साबण असतात. कधी नाताळाच्या झाडाच्या आकाराचे, कधी अंड्यांच्या. त्यांनी कोणी हातसुद्धा धूत नाही.

मित्रांनो, दुकानांचा मला राग आहे, लॉरेनचाही आहे. पण सर्वांत जास्त राग बेरिलचा येतो, कारण मी हवा होतो तो तिलाच. जुन्या वस्तू पुसा, जपा, असे मी सांगणार नाही. ही बाईसुद्धा मला रोज पुसते. मी एवढेच सांगतो, की तुमच्या जिवाभावाचे काही कोणी उचलून नेत असेल, तर दार धरून उभे राहू नका. "हे माझं आहे," एवढेच बेरिलने म्हणायचे होते. मी त्या बाईच्या पिशवीत पडून रस्त्याच्या वळणापर्यंत वाट पाहिली.