मामांचं निरोपाचं भाषण

इस्पितळात प्लास्टर घालणाऱ्या मामांनी घसा खाकरला, कागद नाकाजवळ धरला आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत सुरुवात केली.

“आदरणीय व्यासपीठ आणि उपस्थित मान्यवर...”

इस्पितळातल्या या कोपऱ्यातल्या खोलीवर जुन्या मिशनवाल्यांनी पितळी पाटी लावली होती, ‘ऑरेटरी’. मामांच्या बायकोने शब्दकोश उघडून अर्थ सांगितले होते. एक वक्तृत्व, दुसरा लहानसं प्रार्थनास्थळ. “पहिलं काही तुम्हाला जमायचं नाही, दुसऱ्यात तरी जाऊन बसा,” असं वर ऐकवलंही होतं. ती बोलली त्यात खोटं काय? मागे स्टोअरवाल्यांच्या निरोप समारंभात मामा माईकसमोर उभे राहिले, “तर” म्हणाले आणि घाम पुसत खाली बसले. पण आज मोठ्या सिस्टर निवृत्त होत होत्या. मामांच्या हाताला वळण लावलं ते त्यांनी. आजही तोंड उघडलं नाही तर जन्मभर मन खात राहील, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून हेडक्लार्ककडून झकास भाषण लिहून आणलं होतं.

“...त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही. त्यांच्या पवित्र स्मृती...”

मागून हुंदका आला. खांबाआड एक आजी बसल्या होत्या.

“केव्हा गेल्या रे बाबा?” आजींनी डोळे टिपले. “फार चांगली बाई असणार.”

“गेल्या कुठे? ड्यूटीवर आहेत. आता थोड्या वेळात निरोप समारंभ आहे.”

“अगंबाई! मग जित्याजागत्या बाईला असं काय पोचवतोयस? तुझं तू बोल की. काय केलं तिने तुझ्यासाठी?”

मामांनी कागद खाली घेतला.

“नवीन होतो तेव्हा एका पोराचं प्लास्टर घट्ट बांधलं. बोटं निळी पडली. सिस्टरनी धावत येऊन कापून काढलं, मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःचा हात पुढे केला. म्हणाल्या, घाल, आवळलं तर मीच सांगते. ते प्लास्टर घेऊन दिवसभर वॉर्डात वावरल्या. लोक हसत होते. मी मात्र मोरीत जाऊन रडलो.”

“हेच सांग मग,” आजी म्हणाल्या. मग त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. “आमचे हे तिकडे ऑपरेशनला आत आहेत, मांडीचं हाड बसवतायत. मी इथे प्रार्थनेला आले, तर एक शब्द सुचेना. एरवी त्यांच्याशी भांडताना माझ्या तोंडाला लगाम नसतो. तुझी जीभ सुटलीय, तर माझ्या वतीने बोल ना काहीतरी.”

मामा त्यांच्या शेजारी बसले, हात जोडले.

“आजोबांचं हाड नीट बसू दे. त्यांना घरी जायचंय. आजींना भांडायला दुसरं कोणी नाही.”

आजी रडता रडता हसल्या. मामांनाही फार बरं वाटलं. एवढं सोपं असतं होय?

दार ढकलून मोठ्या सिस्टर आत आल्या.

“इथे दडून बसलायस होय? तिकडे सगळे खोळंबलेत. भाषण नको असेल तर नको करूस, पण चहाला तरी चल.”

“सिस्टर, जरा बसा. मला बोलायचंय.”

“हॉलमध्ये बोल की.”

“तिथेही बोलेन. आधी तुमच्याशी.”

आजींनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. सिस्टर बसल्या आणि मामा बोलू लागले.