मंगळावरचं खळं

उमरठच्या हैबतीचा भाताच्या मशीनवर फार राग होता. तिचा आवाज, तिचा धूर, आणि मुख्य म्हणजे भात साफ करूनच बाहेर टाकायची तिची खोड. एके काळी उफणणीला सूप धरावं ते हैबतीनंच, असं चार गावं म्हणायची. झाडाचं पान हलायच्या आधी त्याला वारा कळायचा. मशीन आली आणि तीन हंगाम त्याला कुणी हाक मारली नाही. सूप माळ्यावर पडून होतं, हैबती पडवीत.

त्याची सून श्रुतिका पोलादपूरला शाळेत विज्ञान शिकवायची. एका रविवारी ती लॅपटॉपवर एक फोटो बघत होती. तांबडी जमीन, तिच्यावर चंद्रकोरीच्या आकाराचे ढीग. मागून जाता जाता हैबती थांबला.

"कुनाचं खळं गो ह्ये? वारा ह्या अंगानं व्हता. पन उफननारा कच्चा, भुसा समदा पसरवलाय."

हसता हसता श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खळं नव्हतं, मंगळ होता आणि ढीग वाळूचे होते. मग तिचं हसू थांबलं, कारण दिशा म्हाताऱ्यानं अचूक सांगितली होती. कोरीची दोन्ही टोकं वारा जातो तिकडे निघतात, हे ती कॉलेजात गेल्यावर शिकली होती.

महाडच्या विज्ञान प्रदर्शनात तिला हेच दाखवायचं होतं आणि जमत नव्हतं. पंख्यापुढे वाळूचा ढीग ठेवला की वाळू पोरांच्या डोळ्यांत जायची. तुम्हीच चला, असं ती सासऱ्याला म्हणाली. हैबतीनं आधी जरा भाव खाल्ला, मग दाढी करून सूप काढलं.

महाडला त्यानं पहिल्यांदा पंखा पार भिंतीपाशी नेला आणि वेग एकावर आणला. वाळू बाजूला सारून घरून गेरूनं रंगवून आणलेला भाताचा तूस सुपात घेतला. ढिगावर वारा सोडायचा नसतो, वाऱ्यात ढीग सोडायचा असतो, असं पोरांना समजावत तो सूप हलवू लागला. तूस पडत गेला, कडेचा हलका पुढे सरकला, मधला मागे राहिला. हळूहळू फरशीवर तांबडी कोर उमटली आणि हैबतीला आतून इतका आनंद झाला की हात थांबवावासा वाटेना.

परीक्षक म्हणून आलेल्या शर्मिला मॅडम कॉलेजात भूगोल शिकवायच्या. त्यांनी मोबाइलवर मंगळाचा दुसराच फोटो उघडला आणि इथे वारा कुठून येतो ते विचारलं. इथले ढीग नीट कोरीचे नव्हते, इकडून तिकडून ओढलेले होते. इथे चुकलो तर सूप पुन्हा माळ्यावर, हे हैबतीला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मोबाइल उलटसुलट फिरवून पाहिला.

"हितं येक वारा नाय, मॅडम. दोन हायत. आमच्याकडं सकाळचा डोंगरावरनं उतरतो नि सांजचा खालनं चढतो, तसं."

मॅडम मनापासून हसल्या. उत्तर बरोबर होतं. सोमवारी आमच्या वर्गाला शिकवायला याल का, असं त्यांनी विचारलं, आणि सूप आणायला विसरू नका म्हणाल्या.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं सूप वर ठेवायला सांगितलं. हैबतीनं ते मांडीवरून हलवलं नाही.

"ऱ्हाऊ दे, बाबा," तो म्हणाला. "सोमवारी कामावर जायचंय त्याला."