जाऊबाईंची फुंकर

“अहो आजी, चूल नाही पेटवायची! एका दमात, जोरात फुंका.”

गावातल्या तपासणी शिबिरात नर्सने दिलेली श्वास मोजायची नळी जाऊबाईंनी दोन्ही हातांनी धरली होती. डोळे बारीक करून त्यांनी लांब, हळुवार फुंकर घातली. राख उडू नये पण विस्तव फुलावा, अशी. काटा जेमतेम हलला.

मला मात्र हायसं वाटलं. म्हणजे आकडा कमी आला तो फुंकण्यातल्या चुकीमुळे! घरात गॅस येऊन वर्ष झालं होतं. नातीचा खोकला गेला, भिंती उजळल्या. जाऊबाईंची धाप तेवढी हटत नव्हती.

मी लग्न होऊन आले ती शाळेतली नोकरी घेऊनच. पहिल्याच सकाळी ओल्या लाकडांच्या धुरात माझा जीव घुसमटला. जाऊबाईंनी दंडाला धरून मला बाहेर काढलं.

“डोळे चोळत पोरांना काय शिकवणार आहेस? हो बाजूला. इथं माझं राज्य.”

तीस वर्षं त्यांनी ते राज्य सोडलं नाही. मला चुलीपाशी फिरकू देत नाहीत, म्हणून मी माहेरी कुरकुर करायचे! आता त्या नाहीत. सकाळी गॅस पेटवते, ओटा सगळा माझाच असतो, आणि कुणीतरी ढकलून बाजूला करावं असं फार वाटतं.

“शिट्टी वाजवता तसं फुंका,” त्या दिवशी नर्स पुढे म्हणाली.

“मी काय शिट्ट्या मारणारी बाई दिसते होय गं?”

आम्ही तिघीही हसलो. मग जाऊबाईंनी सगळा जीव एकवटून फुंकलं. खोकल्याची उबळ आली. काटा पहिल्या खुणेच्या जरासा पुढे थांबला होता. या वेळी नर्सने काही चूक काढली नाही. गुपचूप आकडा लिहून घेतला.

माझी पाळी आली. काटा झरकन वर गेला.

“किती आला?” जाऊबाईंनी विचारलं.

मी हळू आवाजात आकडा सांगितला. त्यांच्या दुपटीहून जास्त होता.

“पहिली आलीस की!” त्या म्हणाल्या. तोंडभर हसल्या.

परतीचा रस्ता चढाचा होता. त्यांना थांबावं लागण्याआधीच मी वाकले आणि चपलेचा पट्टा सोडला.

“तुझी चप्पल भारीच त्रास देते बाई,” भिंतीला टेकत त्या म्हणाल्या.

“हो ना.”

पट्टा चांगला धड होता. त्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत मी तो काढत-लावत राहिले.