दोन सेकंदांत हरकत नसल्यास

‘मला तिथे राहायला आवडेल,’ असं मामा म्हणाले तेव्हा प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या, आणि पहिली टाळी मिरचीची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे ती जी काही तणतणली आणि ज्याच्या त्याच्या अंगावर धावून गेली, ते वाचताना कुणी तिला फार निष्पाप समजू नये.

मिरची हे नाव मामांनीच ठेवलेलं. लहानपणापासून राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. विद्यापीठात माणूस आणि यंत्र एकमेकांशी कसे बोलतील याचा अभ्यास करणारा एक विभाग होता, तिथे ती पीएचडी करत होती. ज्यांची जीभही चालत नाही आणि हातही, त्यांना नुसत्या नजरेनं बोलता यावं, हा तिचा विषय. पडद्याखाली एक बारीक कॅमेरा बसवलेला, तो बुबुळं टिपायचा. नजर अक्षरावर ठरली की अक्षर उमटायचं. पण असं एकेक अक्षर जुळवत बसलं तर वाक्याला पाव तास जातो, म्हणून यंत्र समोरच्याचं बोलणं ऐकून स्वतःच वाक्यं सुचवायचं. सुचवलेलं वाक्य पडद्याच्या मधोमध यायचं. ते नको असेल तर ‘खोडा’ लिहिलेल्या चौकोनाकडे बघायचं. दोन सेकंदांत तिकडे नजर गेली नाही, तर माणसाची हरकत नाही असं धरून यंत्र ते वाक्य खणखणीत आवाजात बोलून मोकळं.

हा दोन सेकंदांचा नियम मिरचीचा. चाळीस विद्यार्थ्यांना खुर्चीत बसवून, मोजून मापून ठरवलेला. त्या चाळिसांपैकी एकालाही दोन सेकंद कमी पडले नव्हते. पडतील कशाला? सगळे धडधाकट, डोळे शाबूत, आणि यंत्र भलतंच काही बोललं तर तोंडानं ‘अरे, हे नाही’ म्हणायला मोकळे.

मामा कोर्टात लघुलेखक होते, तीस वर्षं. साक्षीदार जे बोलला ते आणि तेवढंच कागदावर, पदरचा एक शब्द नाही. मोठमोठे वकील गोड बोलून थकले, मामा बधले नाहीत. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. समज मात्र लख्ख राहिली. नंतर दुसरा एक झटका आला, तो किरकोळ आहे म्हणून डॉक्टरांनी दोन दिवसांत घरी पाठवलं. तेव्हापासून डाव्या हातात चमचा धरण्यापुरतंच बळ उरलं, आणि मान लटपटायची, होकारालाही तशीच आणि नकारालाही तशीच. घरात मामा आणि त्यांचा मुलगा, दोघंच. मुलगा मिरचीचा दादा. तो छापखान्यात पाळीवर जायचा, आल्यावर वडिलांना उचलून न्हाऊ-माखू घालायचा, आणि त्यात त्याची पाठ कामातून गेली होती.

मिरचीनंच मामांना प्रयोगात घेतलं. विभागप्रमुख, म्हणजे सर, खूश झाले. विद्यार्थ्यांवर घेतलेल्या चाचण्यांना कोण विचारतो? खरा रुग्ण हवा. मामा झाले ‘वापरकर्ता क्रमांक सात’. अकरा आठवडे दर मंगळवारी दादा त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणायचा. मामा यंत्रामार्फत ‘मी मजेत आहे’, ‘आज हवा छान आहे’, ‘सगळ्यांचे आभार’ असं बोलायचे. यंत्रानं तीनशे बारा वाक्यं सुचवली, मामांनी एकही खोडलं नाही. सरांनी शोधनिबंधात लिहिलं: सूचनांना शंभर टक्के पसंती. ज्या माणसानं घरच्या पडद्यांचा रंगसुद्धा चार दुकानं फिरल्याशिवाय पसंत केला नाही, त्याची शंभर टक्के पसंती! मिरचीला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण प्रबंध रंगात आला होता, आणि चांगल्या आकड्यांवर शंका घेत नसतात.

मग दादानं शुश्रूषागृहाचा विषय काढला. तिथल्या मेट्रनबाई नियमाच्या पक्क्या. रुग्णानं स्वतःच्या शब्दांत, साक्षीदारासमोर होकार दिल्याशिवाय त्या दाखल करून घेत नसत. सर म्हणाले, “मग आमच्याकडेच विचारा ना! नजरेनं स्वतःचा निर्णय घेणारा पहिला रुग्ण, विभागाच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर येईल.” तसं झालं. दादानं विचारलं, यंत्रानं सुचवलं, दोन सेकंद गेले, यंत्र बोललं. टाळ्या. मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं, सरांनी त्याचा फोटो काढला, आणि होकाराच्या छापील प्रतीवर साक्षीदार म्हणून झोकात सही ठोकली. येत्या सोमवारी मामांना न्यायचं ठरलं.

शुक्रवारी दुपारी मिरची मामांकडे गेली. दादा कपडे भरत होता. मामा जेवायला बसले होते, डाव्या हातानं चमच्यानं खात होते. बशीतले बटाटे संपले, अंडं तसंच राहिलं.

“हे रोजचंच,” दादा वैतागून म्हणाला. “अर्धं टाकतात. म्हणूनच म्हणतो, तिथे निदान कुणी लक्ष तरी देईल.”

मिरचीनं बशी उचलायला हात घातला आणि तो तसाच राहिला. अंडं बशीच्या डाव्या अर्ध्यात होतं. उजवा अर्धा चाटूनपुसून स्वच्छ. तिनं बशी नुसती फिरवली. मामांनी दचकून अंड्याकडे बघितलं, जणू ते आत्ताच कुणी आणून ठेवलं होतं, आणि खायला लागले.

‘खोडा’चा चौकोन पडद्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात होता.

ती तशीच उठून प्रयोगशाळेत गेली आणि अकरा आठवड्यांच्या नोंदी उघडून बसली. मामांची नजर पडद्याच्या डाव्या भागात एकदाही गेली नव्हती. एकदाही नाही. डावीकडची अक्षरंही त्यांना कधी सापडली नव्हती, म्हणून बिचारे शब्द अर्ध्यावर सोडत होते, आणि अर्धा शब्द मिळाला की यंत्राला भरतं यायचं. त्या किरकोळ झटक्यानं मामांचं डावीकडचं अर्धं जग पुसून टाकलं होतं आणि ते सांगायची सोयच त्यांना नव्हती. याहून वाईट गोष्ट पहिल्या दिवसाच्या नोंदीत होती. नजर जुळवून घेण्यासाठी पडद्यावर नऊ ठिपके दाखवतात. मामांचे डावीकडचे तिन्ही ठिपके जुळले नव्हते. त्यापुढे शेरा होता: ‘चष्म्याची चकाकी. पुढे चालू.’ शेरा मिरचीचा होता.

स्वतःवरचा राग पचवणं कठीण, दुसऱ्यावर काढणं सोपं. ती तरातरा सरांच्या खोलीत गेली.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “चांगलं निरीक्षण आहे,” ते म्हणाले. “एक तळटीप टाक.”

“तळटीप? सर, त्या माणसाच्या तोंडी आपण तीनशे बारा वाक्यं घातली! त्यातल्या एका वाक्यावर त्याचं घर सुटतंय!”

“आवाज खाली. एका वापरकर्त्याच्या दृष्टिदोषानं पद्धत चुकीची ठरत नाही. निबंध गेलाय, वार्तापत्र छापून आलंय. आणि तुला काय माहीत, त्यांना जायचं नसेलच म्हणून?”

“मला नाहीच माहीत! तुम्हालाही नाही. मग सही कशी केलीत?”

“तू यंत्र लावलंस, मी सही केली,” सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण बोलणं खरं होतं.

दादाकडे तर वेगळाच भडका उडाला. “म्हणजे तू म्हणशील तेव्हा बाबा बोलतात, आणि तू म्हणशील तेव्हा बोलत नाहीत?” तो ओरडला. “अकरा आठवडे तुझ्या दारात घेऊन आलो त्यांना! मला काय हौस आहे का बापाला घराबाहेर काढायची? ते हो म्हणाले म्हणून रात्री झोप तरी लागली मला.”

“दादा, एकदा, फक्त एकदा परत विचार. ते हो म्हणाले तर मी स्वतः बॅग उचलीन.”

दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “आण तुझं यंत्र,” शेवटी तो म्हणाला.

शनिवार-रविवार मिरची खुर्चीतून हलली नाही. सगळी अक्षरं आणि सुचवलेल्या वाक्याची जागाही तिनं पडद्याच्या उजव्या अर्ध्यात कोंबली. ‘खोडा’ उजवीकडे आणला, त्याखाली ‘बोला’ असा नवा चौकोन केला, आणि दोन सेकंदांचा नियम काढून टाकला. ‘बोला’कडे बघितल्याशिवाय यंत्र आता ब्र काढणार नव्हतं.

सोमवारी सकाळी सगळे प्रयोगशाळेत जमले. मेट्रनबाई कागद घेऊन आल्या होत्या. सर आले, कारण त्यांच्या सहीचा प्रश्न होता. मिरचीनं मामांना नवीन चौकोन कुठे आहेत ते दाखवलं. दादा खुर्चीशेजारी खाली बसला.

“बाबा, तिथे राहायला जायचं का?”

यंत्रानं लगेच सुचवलं: ‘हो, मला आवडेल.’

मामांची नजर उजवीकडे गेली. वाक्य खोडलं गेलं. पुन्हा वाक्य आलं: ‘तुमची इच्छा तीच माझी.’ खोडलं. ‘मी समाधानी आहे.’ हे तर असं काही झपकन खोडलं की मेट्रनबाईंना हसू फुटलं. मग मामांनी अक्षरं जुळवायला घेतली. ‘ना’ उमटल्याबरोबर यंत्र पुन्हा धावलं: ‘नाराज नाही मी.’ खोडलं. चार मिनिटांनी ते शब्दाच्या शेवटाला पोचले आणि त्यांनी ‘बोला’कडे बघितलं.

“नाही,” यंत्र म्हणालं.

मेट्रनबाईंनी कागद उभा फाडला आणि पर्समध्ये टाकला. दादानं मामांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. “मला वाटलं तुम्हीच म्हणालात, बाबा,” तो परत परत म्हणत राहिला. मामांचा डावा हात हळूहळू त्याच्या केसांवर येऊन पडला.

सर घसा खाकरून म्हणाले, “बरं झालं, सुधारणा झाली. हा पुढच्या निबंधाचा विषय होईल.” मिरची त्यांना काहीतरी सणसणीत ऐकवणार, तेवढ्यात तिला दिसलं की मामा पुन्हा अक्षरं जुळवताहेत. यंत्र मध्ये मध्ये तोंड घालत होतं, मामा खोडत होते. वीस मिनिटं लागली.

“एवढी घाई कुणाला होती?” यंत्र बोललं.

सरांनी चष्मा काढला. मिरचीनं त्यांच्याकडे बघितलं. सरांवर खापर फोडायला शब्द तयार होते, रविवारभर ते तिनं घोळवले होते. पण मामा सरांकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

“मला, मामा,” ती म्हणाली. “दोन सेकंद मी ठरवले. डावीकडचे ठिपके तुम्हाला दिसत नव्हते, ते माझ्यासमोर होतं. मी चष्म्यावर ढकललं आणि पुढे गेले. मला आकडे हवे होते.”

तिचं बोलणं यंत्रानं ऐकलं आणि त्यावर शोभेल असं उत्तर पडद्यावर मांडलं: ‘काही हरकत नाही.’

आता मुदत नव्हती. वाक्य तिथेच थांबलं. मिरचीला ते वाचता येत होतं, दादाला, सरांना, सगळ्यांनाच. ‘बोला’चा चौकोन त्याच्या शेजारीच होता. ते वाक्य तिला इतकं हवं होतं की तिचे डोळे भरून आले.

मामांनी ते नीट वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी ते खोडलं.