हळद लागलेला डबा

मी पत्र्याचा डबा. मूळचा बिस्किटांचा. आधीच कबूल करतो, सात वर्षं मी स्वतःला विद्वान समजत होतो.

झालं असं की, पनवेलच्या कॉलेजात शिकवणाऱ्या आशालताबाईंनी बिस्किटं संपल्यावर मला धुऊन पुसून घेतलं आणि माझ्यात कार्डं ठेवायला लागल्या. नेरे गावची हौसा ही धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी चालू असताना धवले गाणारी बाई. बाईंनी तिच्या मागं मागं लग्नांतून फिरायचं, एका कार्डावर एक धवला उतरवायचा आणि तिनं म्हटला त्या क्रमानं माझ्यात लावायचा. अशी दोनशे अकरा कार्डं झाली. त्यावरच बाईंना पीएचडी करायची होती. घरी कुणी आलं की मला वाटायचं, मलाच भेटायला आलंय.

त्र्याण्णव साली बाईंनी आम्हाला एस.टी. स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासात नेलं. तिथल्या सुशांतनं मला टेबलावर पालथा केला, कार्डांचे अक्षरवार गठ्ठे बांधले आणि आठवडाभर टायपिंग केलं. मग त्यानं 'होडी' एवढाच शब्द दाबला, तर अडतीस धवले समोर.

"अहो सुशांत, हे मी दोन उन्हाळे शोधतेय," बाई म्हणाल्या. "डोंगराखालचं गाव, आणि गाण्यांत एवढ्या होड्या."

त्या सगळ्या होड्या माझ्याच पोटात होत्या बरं का. मला पत्ताच नाही. असा मी विद्वान.

प्रबंध द्यायला दहा दिवस उरले होते. बाई छापील कागद, कार्डं आणि मला घेऊन नेऱ्याला गेल्या. हौसाला अक्षरओळख नाही, म्हणून वाचून दाखवू लागल्या. पहिलाच धवला पाठवणीचा निघाला.

"थांब गो बाय," हौसा म्हणाली. "मांडव नाय, हलद नाय, नि पोर सासरी धारलीस?"

कॉम्प्युटरनं धवले अक्षरवार लावले होते. पाठवणीचा धवला 'आ'नं सुरू होतो म्हणून वर, हळदीचा 'ह'नं म्हणून पार तळाला. कार्डांवर नंबर नव्हते. बाई म्हणायच्या, डब्यात आहेत ना ओळीनं. भरवसा कुणावर, तर माझ्यावर, आणि मला तर सुशांतनं पालथा केलेला. बाईंचा चेहरा उतरला. चुकीच्या क्रमानं प्रबंध गेला असता, तर सात वर्षांचं काम फुकट.

"हौसाबाई, नुसता क्रम सांगता का?"

"तसा नाय येत. हलद लागल्याबिगर हलदीचा धवला तोंडान कसा येल?"

"मग आता नवरी कुठून आणू मी?"

हौसानं माझ्याकडे बोट केलं. "यो हाय ना. सगली गानी खाऊन बसलाय."

मला पाटावर बसवलं. मुंडावळ्या बांधल्या, चारी अंगांना हळद लावली. शेजारणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. हौसा मात्र हसली नाही. सकाळपासून दिवस कलेपर्यंत गायली. एकेक धवला झाला की बाई त्याचं कार्ड शोधून लाल पेन्सिलीनं नंबर घालत.

पाठवणीला पोचल्यावर हौसानं पदर डोळ्यांना लावला. रिकाम्या डब्यासाठी कुणी रडतं का? पण ती रडली. रिकामा असल्यानं तो हुंदका माझ्यात बराच वेळ घुमला.

बाई कार्डं माझ्यात भरू लागल्या, तर हौसानं झाकणावर हात ठेवला. "कार्डां ने. डबा नाय."

"अहो, डबा माझा आहे."

"पाठवनी म्हटलीय मी. पाठवनी झाल्यावर पोर माघारी नेतस?"

 बाईंनी कार्डं पिशवीत घातली. पुढं सुशांतनं नंबर टाकले, कॉम्प्युटरनं चहा गार व्हायच्या आत सगळे धवले ओळीनं लावले आणि प्रबंध वेळेत गेला.

मी नेऱ्यालाच आहे. हौसानं माझ्यात हळकुंडं ठेवलीत. विद्येचं म्हणाल तर काही उरलं नाही, मुळातच नव्हतं. तुम्ही पनवेलला जाणार असाल, तर वाटेत बाईंच्या घरी एवढा निरोप द्या. म्हणावं, सासरचं माणूस चांगलं आहे, काळजी करू नका.